दार उघडेना, दार मिटेना

तान्ह्या बाळाला मधुमेह होतोच कसा? साखर खाल्लेली नाही, वजन वाढलेलं नाही, वय तर अजून आठवड्यांत मोजायचं. तरीही काही बाळं जन्मल्यावर थोड्याच दिवसांत सारखी लघवी करू लागतात, दूध पिऊनही अंग धरत नाहीत, आणि रक्त तपासलं की साखर चारशे-पाचशेच्या घरात निघते. मग घरातली मोठी माणसं कारण शोधायला लागतात. गरोदरपणी गोड फार खाल्लं का, ग्रहणात बाहेर पडली होती का, माहेरी कुणाला होता का. बोट बहुतेक वेळा आईकडेच वळतं.

अशा कित्येक बाळांच्या आजाराचं खरं कारण एका जनुकातल्या एका अक्षरात असतं. ते अक्षर बदलल्यामुळे स्वादुपिंडातल्या काही पेशींवरची बारीक दारं मिटेनाशी होतात. दार कसलं, त्यातून काय जातं, एका अक्षराने ते कसं बिघडतं आणि बिघाड नेमका कळला तर उपचार कसा पालटतो, हे या प्रकरणात क्रमाने पाहू.

१. पटल आणि त्यातली दारं

शरीरातली प्रत्येक पेशी एका पातळ पडद्यात गुंडाळलेली असते. हे पेशीपटल. त्याची जाडी मिलिमीटरच्या साधारण दोन लाखाव्या भागाइतकी आणि घडण स्निग्ध, तेलकट. आत पाणी, बाहेर पाणी आणि मध्ये हा तेलकट पडदा.

मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे दोन कण सुटे होतात: धन विद्युतभाराचा सोडियम आणि ऋण भाराचा क्लोराइड. अशा भार असलेल्या कणांना आयन म्हणतात. पोटॅशियम आणि कॅल्शियमही शरीरात याच रूपात वावरतात. आयनाला पाण्याचा संग सोडवत नाही. तेलात शिरायचं तर अंगाभोवतीचं पाणी टाकावं लागतं, म्हणून तो पटलाशी येऊन थांबतो.

तो थांबतो म्हणूनच आत-बाहेर फरक राखता येतो. घरात कुणाचा रक्ताचा रिपोर्ट असेल तर त्यातली इलेक्ट्रोलाइट्सची ओळ पाहा. सोडियम १३५ ते १४५, पोटॅशियम ३.५ ते ५ हे आकडे तिथे 'नॉर्मल' म्हणून छापलेले असतात. हा हिशेब पेशीबाहेरचा. पेशीच्या आत चित्र बरोबर उलटं असतं: पोटॅशियम १४० च्या आसपास आणि सोडियम फार तर दहा-पंधरा. हा फरक टिकवायला पटलातला एक पंप रात्रंदिवस ऊर्जा खर्चून सोडियम बाहेर टाकतो आणि पोटॅशियम आत ओढतो.

या फरकातून विद्युतदाब तयार होतो. मज्जापेशी शांत असते तेव्हा तिची आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. दीड व्होल्टच्या सेलच्या विसाव्या हिश्श्याइतका हा दाब. ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण पडदा किती पातळ आहे ते ध्यानात घ्या. हाच ताण सेंटीमीटरभर जाडीवर मोजला तर तो १ लाख ४० हजार व्होल्ट भरेल. दार किंचित किलकिलं झालं तरी आयन का धावत सुटतात, ते यावरून कळावं.

ही दारं म्हणजे पटलाच्या आरपार बसलेली प्रथिनं. त्यांच्या मधोमध पोकळी असते आणि तिचं तोंड उघडतं, मिटतं. शास्त्रज्ञ त्यांना आयन चॅनेल म्हणतात. पाटाच्या पाण्यावर शेती करणाऱ्याला हे काम समजावून सांगावं लागणार नाही. रात्रीची लाईट आली की घरातलं एक माणूस दारं धरायला निघतं. खोऱ्याने माती ओढली की पाणी वाफ्यात शिरतं; वाफा भरला की तीच माती लोटून दार बुजवायचं आणि पुढचं फोडायचं. पाटात पाणी असतंच. पिकाला काय मिळणार ते दार कधी फुटलं आणि कधी बुजलं यावर ठरतं. पेशीतही आयनांचा साठा दोन्हीकडे तयार असतो आणि सगळं काम दाराच्या वेळेवर चालतं. मनात येणारा विचार, हृदयाचा ठोका, स्नायूचं आखडणं, घामातलं मीठ, इन्सुलिनचा थेंब, सगळ्याच्या मुळाशी कुठलं तरी दार कधी उघडलं आणि कधी मिटलं हाच हिशेब असतो.

२. एकेका दाराचं मोजमाप

एवढीशी दारं खरोखर आहेत हे कळलं कसं? १९७६ साली जर्मनीतल्या गॉटिंगेन शहरात एर्विन नेहर आणि बेर्ट झाकमान यांनी काचेची अतिशय बारीक टोकाची नळी बेडकाच्या स्नायूपेशीवर टेकवली. टोकाखाली पटलाचा एवढासा तुकडा आला, की त्यात एखादंच दार सापडावं. मग त्या तुकड्यातून वाहणारा प्रवाह त्यांनी नोंदला. कागदावर रेघ सरळ चालली होती, एकदम एक पायरी खाली गेली, तिथे क्षणभर टिकली आणि पुन्हा पहिल्या जागी आली. पायरी म्हणजे दार उघडलं. परत आली म्हणजे मिटलं. अर्धवट असं काही नाही. या पद्धतीला पॅच क्लॅम्प म्हणतात. १९९१ चं नोबेल पारितोषिक दोघांना त्यासाठी मिळालं.

या पायरीची उंची पिकोअँपियरमध्ये मोजतात. पिकोअँपियर म्हणजे अँपियरचा एक लाख कोटीवा भाग. एका आयनावर किती भार असतो हे माहीत आहे, तेव्हा भागाकार सोपा: एक पिकोअँपियर प्रवाह म्हणजे सेकंदाला सुमारे ६२ लाख आयन. काही दारांतून तर सेकंदाला कोटीभर आयन जातात.

इतक्या वेगातही दार निवड करतं, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत विलक्षण वाटतं. पोटॅशियमच्या दारातून हजारो पोटॅशियम गेले तर चुकून एखादा सोडियम जातो. आणि सोडियम तर आकाराने लहान! लहान कण अडतो आणि मोठा पार होतो, याचा उलगडा १९९८ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात रॉडरिक मॅकिनन यांनी केला. मातीत राहणाऱ्या एका जीवाणूतलं पोटॅशियमचं दार त्यांनी क्ष-किरणांनी अणूअणूपर्यंत तपासलं. दाराच्या सर्वांत अरुंद जागी ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर रचलेले आहेत, की पाणी सोडून आलेल्या पोटॅशियमला आपण अजून पाण्यातच आहोत असं वाटावं. सोडियम त्या जागेला लहान पडतो. ऑक्सिजन त्याच्यापर्यंत पोचत नाहीत, म्हणून अंगावरचं पाणी सोडणं त्याला परवडत नाही आणि तो बाहेरच राहतो. २००३ साली मॅकिनन यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. अणूच्या व्यासाहूनही लहान अंतरावर ही निवड उभी आहे. अशा जागी एखादा घटक बदलला तर काय होईल, याची कल्पना इथेच येते.

३. एका अक्षराचा फरक

दार हे प्रथिन आहे आणि प्रथिन कसं बांधायचं ते जनुकात लिहिलेलं असतं. ही लिपी चारच अक्षरांची: ए, टी, जी, सी. सलग तीन अक्षरं मिळून एक अमिनो आम्ल ठरतं. अमिनो आम्लं वीस प्रकारची. ती एकामागे एक जोडली जाऊन लांब साखळी होते, साखळी दुमडते, आणि दुमडून जो आकार येतो त्यावर दाराचं काम अवलंबून असतं. जनुकाच्या मजकुरात झालेला बदल म्हणजे म्युटेशन.

तान्ह्या बाळांच्या मधुमेहाशी संबंध असलेलं केसीएनजे११ हे जनुक उदाहरणाला घेऊ. त्यातून ३९० अमिनो आम्लांचं प्रथिन बनतं, म्हणजे कामाची अक्षरं ११७०. या साखळीत २०१ व्या जागी आर्जिनीन असतं. त्याची तीन अक्षरं 'सीजी' ने सुरू होतात. तिसरं अक्षर चारांपैकी कुठलंही असलं तरी चालतं, आर्जिनीनच येतं. तिथे बदल झाला तर बाळाला काहीही होणार नाही. पण मधल्या 'जी' च्या जागी 'ए' आलं, की आर्जिनीन जाऊन हिस्टिडीन बसतं. पहिल्या 'सी' च्या जागी 'टी' आलं, तर सिस्टीन. हे दोन्ही बदल मधुमेह झालेल्या बाळांत प्रत्यक्ष सापडले आहेत. लागून असलेल्या तीन अक्षरांपैकी दोन बदलली तर आजार, तिसरं बदललं तर काहीच नाही. म्हणून 'म्युटेशन सापडलं' एवढंच ऐकून घाबरू नये. कुठे सापडलं आणि त्याने दाराचं काय केलं, हे विचारायचं असतं.

दाराचं काय काय होऊ शकतं? ते उघडेनासं होतं. किंवा मिटेनासं होतं. कधी भलत्या वेळी, जरा निमित्त होताच उघडतं. कधी दार बनतं, पण पटलापर्यंत पोचतच नाही. आणि कधी मजकुरात मध्येच पूर्णविराम पडून ते बनतच नाही. पुढची उदाहरणं वाचताना यातला कुठला बिघाड आहे ते मनाशी ठरवत जा. उपचार त्यावरच अवलंबून आहे.

४. मिटेनासं झालेलं दार

स्वादुपिंडात बीटा नावाच्या पेशी असतात आणि इन्सुलिन त्या करतात. रक्तात साखर किती आहे हे त्यांना कळतं कसं? साखर पेशीत शिरते, जळते आणि त्यातून एटीपी तयार होतं. एटीपी हे पेशीचं ऊर्जेचं चलन. बीटा पेशीवर पोटॅशियमची काही खास दारं असतात. साखर कमी असते तेव्हा ती उघडी असतात आणि पोटॅशियम बाहेर झिरपत राहतो. साखर वाढली, एटीपी वाढलं, की एटीपी या दारांना चिकटतं आणि ती मिटतात. पोटॅशियमचा धन भार आत साठतो, विद्युतदाब बदलतो, त्या बदलाने कॅल्शियमची दारं उघडतात, कॅल्शियम आत येतो आणि इन्सुलिनच्या पिशव्या बाहेर रित्या होतात. साखर वाढली आणि इन्सुलिन सुटलं यांच्यामधला दुवा म्हणजे या पोटॅशियमच्या दाराचं मिटणं.

२०१ वी जागा एटीपी बसण्याच्या ठिकाणाजवळ आहे. तिथलं आर्जिनीन गेलं की एटीपीची पकड ढिली होते. साखर चढते, एटीपी चढतं, दार मात्र उघडंच. बीटा पेशी इन्सुलिनने भरलेली असते आणि ते सोडायची खूण तिला मिळत नाही. आजारातली ही गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. लहान मुलांत नेहमी आढळणाऱ्या टाइप-१ मधुमेहात बीटा पेशी नष्ट झालेल्या असतात. इथे त्या शाबूत असतात.

जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. एकच प्रत बिघडलेली असून एवढा मोठा आजार का व्हावा? छोटा हिशेब करू. हे दार केसीएनजे११ ची चार प्रथिनं एकत्र येऊन बनतं. निम्मी प्रथिनं चांगली, निम्मी बिघडलेली, आणि ती कशीही मिसळतात असं धरलं, तर चारही चांगली असण्याची शक्यता अर्ध्याचा अर्धा, त्याचा अर्धा, त्याचा अर्धा, म्हणजे १६ तली एक. १६ दारांपैकी १५ दारांत निदान एक तरी सदोष तुकडा येतोच.

हे म्युटेशन २००४ साली अ‍ॅना ग्लॉइन, इंग्लंडमधल्या एक्सेटरचे अँड्र्यू हॅटर्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलं. बिघाड कळताच त्यांना एक जुनं औषध आठवलं. प्रौढांच्या मधुमेहावर कित्येक वर्षं दिली जाणारी ग्लिबेनक्लामाइडची गोळी, जी आपल्याकडे अनेकांच्या आजीच्या औषधाच्या डब्यात असायची, ती नेमकी याच दारावर काम करते. त्या चार प्रथिनांभोवती आणखी चार प्रथिनं असतात. गोळी जाऊन या बाहेरच्या प्रथिनांवर बसते आणि दार मिटवते. एटीपीची गरजच पडत नाही.

२००६ साली निकाल आला. असं म्युटेशन असलेल्या ४९ रुग्णांना ही गोळी देऊन पाहिली आणि त्यातल्या ४४ जणांचं इन्सुलिन पूर्ण बंद झालं. तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारं एचबीए१सी सरासरी ८.१ वरून ६.४ वर आलं. म्हणजे इंजेक्शन सुटलंच, शिवाय साखर पूर्वीपेक्षा चांगली राहू लागली. कारण किती इन्सुलिन कधी सोडायचं हे पुन्हा पेशीच ठरवू लागली. जन्मापासून रोज सुया टोचून घेतलेली मुलं गोळीवर आली. औषधशास्त्रात इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं दिसत नाही. यश सगळ्यांना सारखं मिळत नाही, हेही सांगायला हवं. हीच दारं मेंदूतही असतात आणि काही म्युटेशनमध्ये बाळाची वाढ मागे पडते, झटके येतात. गोळीची मात्रा बाळाच्या वजनाच्या मानाने मोठी लागते आणि ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच ठरवावी लागते.

आता आईकडे वळलेलं बोट. या बाळांपैकी बहुतेकांच्या आई-वडिलांत हे म्युटेशन नसतंच. ते बीज तयार होताना किंवा गर्भधारणेच्या सुरुवातीला नव्यानेच घडलेलं असतं. खाण्यापिण्याचा, ग्रहणाचा, घराण्याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. सहा महिन्यांच्या आत मधुमेह दिसला तर टाइप-१ समजून पुढे जाऊ नये, जनुकीय तपासणी करावी, असा आता सर्वमान्य सल्ला आहे. भारतात चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनमध्ये हे काम होतं. आपल्या बालरोगतज्ज्ञाला ही तपासणी नावाने विचारण्यात आई-वडिलांनी जराही संकोच करू नये.

५. एकाच दाराचे दोन आजार

कातडीतल्या वेदनेच्या मज्जातंतूंवर सोडियमचं एक दार असतं, नॅव्ह १.७ नावाचं. हे विद्युतदाबावर चालतं. काटा टोचला की तंतूच्या टोकाशी दाब थोडा बदलतो. बदल पुरेसा झाला तर हे दार उघडतं, सोडियम आत घुसतो, बदल आणखी वाढतो आणि वेदनेचा संदेश मेंदूकडे निघतो. 'पुरेसा' म्हणजे किती, हे दाराच्या घडणीत ठरलेलं असतं.

चीनमधल्या संशोधकांनी २००४ साली एका दुर्मीळ आजाराच्या रुग्णांत या दाराचं म्युटेशन शोधलं. या आजारात हात-पाय लाल होतात आणि आगीत धरल्यासारखे पोळतात. निमित्त अगदी साधं असतं: उकाडा, मोजे, थोडं चालणं. माणसं तासन्‌तास पाय बर्फाच्या पाण्यात बुडवून बसतात, इतके की कातडी सडते, आणि बाहेर काढले की आग पुन्हा सुरू. अशी काही म्युटेशन्स पॅच क्लॅम्पने तपासल्यावर दिसलं, की बदललेलं दार नेहमीपेक्षा दहा-पंधरा मिलिव्होल्ट आधीच उघडतं. एवढ्याशा फरकाने पायाला लागणारी ऊबसुद्धा आग होते.

दोन वर्षांनी याच दाराची दुसरी बाजू समोर आली. उत्तर पाकिस्तानात दहा वर्षांचा एक मुलगा रस्त्यावर खेळ करून दाखवायचा. दंडातून सुरी आरपार घालायचा, निखाऱ्यांवरून चालायचा. त्याला वेदना व्हायचीच नाही. केंब्रिजचे जेफ्री वुड्स आणि त्यांचे सहकारी त्याला तपासू शकण्याआधीच तो गेला. चौदाव्या वाढदिवशी त्याने घराच्या छपरावरून उडी मारली होती. मग या गटाने त्याच भागातल्या कुटुंबांतली अशी मुलं तपासली. लहानपणी स्वतःचेच ओठ आणि जीभ चावून घेतलेली, जिभेचा शेंडा तुटलेला, हाडं मोडून वेडीवाकडी जुळून आलेली आणि मोडल्याचं कुणाला कळलेलंही नाही. त्यांना स्पर्श कळत होता, गार-गरम कळत होतं, गुदगुल्या कळत होत्या. वेदना मात्र नव्हती. २००६ साली त्यांचं म्युटेशन प्रसिद्ध झालं: नॅव्ह १.७ च्या मजकुरात मध्येच पूर्णविराम पडलेला. दार बनतच नव्हतं.

वेदना नसलेलं आयुष्य सुखाचं असेल असं ज्यांना वाटतं त्यांनी या मुलांच्या जिभा आठवाव्यात.

या दोन आजारांचं घरात उतरणंही वेगळं. पोळण्याच्या आजारात एक प्रत बिघडली तरी पुरते, कारण लवकर उघडणारी दारं तंतू पेटवायला समर्थ असतात. म्हणून तो आई किंवा वडिलांकडून सरळ मुलांत येतो. वेदना नसण्याच्या आजारात दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात. एक चांगली प्रत असेल तर निम्मी दारं बनतात आणि तेवढ्यावर वेदना नीट चालते, त्यामुळे आई-वडिलांना काहीच त्रास नसतो. नवरा-बायको रक्ताच्या नात्यातले असतील तर दोघांकडे एकाच पूर्वजाची तीच बिघडलेली प्रत असण्याची शक्यता वाढते. पाकिस्तानातल्या त्या कुटुंबांत हेच घडलं होतं. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडेही कित्येक घरांत आहे. असं लग्न ठरवताना घराण्यातल्या जन्मजात आजारांची चौकशी मोकळेपणाने व्हायला हवी.

वेदनाशामक शोधणाऱ्यांनी या मुलांवरून धागा उचलला: हे दार औषधाने बंद करता आलं तर? नॅव्ह १.७ वरचे प्रयत्न अजून यशाला पोचलेले नाहीत. पण त्याच तंतूंवरच्या नॅव्ह १.८ या सख्ख्या दाराला अडवणारं सुझेट्रिजीन हे औषध जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. अफूच्या कुळातलं नसलेलं, व्यसन न लावणारं वेदनाशामक म्हणून त्याच्याकडे पाहिलं जातं.

६. ठोक्यानंतरची सावरासावर

हृदयाबद्दल थोडक्यात. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींना पूर्वस्थितीला यावं लागतं. त्यासाठी सोडियमचं दार मिटायला हवं आणि पोटॅशियमची दारं उघडायला हवीत. यात उशीर झाला की ईसीजीवर क्यूटी नावाचं अंतर लांबतं आणि पुढचा ठोका भलत्या क्षणी पडून हृदय थरथरत राहण्याचा धोका निर्माण होतो. हा उशीर मुख्यतः तीन वेगळ्या दारांमुळे होतो. एका पोटॅशियमच्या दारात दोष असेल तर धोका श्रमाच्या वेळी, विशेषतः पोहताना. दुसऱ्यात असेल तर अचानक मोठा आवाज झाल्यावर, गजर किंवा फोन वाजल्यावर. आणि सोडियमचं दार पुरतं मिटत नसेल तर विश्रांतीत, झोपेत. ईसीजीवर लांबलेलं अंतर तिन्हींत दिसतं, पण सोडियमच्या प्रकारात उपयोगी पडणारं मेक्सिलेटिन हे औषध सोडियमचं दार अडवून काम करतं.

यातलं दुसरं दार, हर्ग नावाचं, काही औषधांनीही बुजतं. टर्फेनाडिन ही अ‍ॅलर्जीची लोकप्रिय गोळी याच कारणाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या बाजारातून गेली. तेव्हापासून नवं औषध माणसाला देण्याआधी ते हर्गला अडवतं का, हे तपासलं जातं. घरात कुणी तरुणपणी पोहताना किंवा घाबरून अचानक कोसळलं असेल, तर बाकीच्यांनी एकदा ईसीजी काढून घ्यावा. खर्च किरकोळ आहे.

७. पेशीच्या आतच अडकलेलं दार

ज्या बाळाचं कपाळ ओठांना खारट लागतं ते फार दिवस जगत नाही, अशी युरोपात जुनी समजूत होती. १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये उन्हाची लाट आली तेव्हा डॉ. पॉल दि सांत'आन्येझे यांच्या लक्षात आलं, की उष्म्याने कोसळून येणाऱ्या मुलांत सिस्टिक फायब्रोसिसची मुलं बरीच आहेत. त्यांच्या घामात मीठ फार असतं हे त्यांनी १९५३ मध्ये मांडलं. त्या काळी हा आजार फुप्फुसं आणि स्वादुपिंडाचा मानला जायचा. घामाशी त्याचा काय संबंध, ते कुणाला सांगता येईना.

संबंध एका दाराचा होता. घामाच्या ग्रंथीत घाम तयार होतो तेव्हा तो रक्ताइतकाच खारट असतो, क्लोराइड १०० च्या आसपास. बाहेर येताना वाटेतल्या नळीत सीएफटीआर नावाचं क्लोराइडचं दार क्लोराइड परत आत घेतं, मागोमाग सोडियम जातो, आणि कातडीवर येईतो क्लोराइड ३० च्या खाली उतरतं. दार बिघडलं तर मीठ घामातच राहतं. आकडा ६० च्या वर गेला तर निदान जवळजवळ पक्कं. आजही निदानासाठी घामाची तपासणी करतात. फुप्फुसात हेच दार उलट दिशेने काम करतं. क्लोराइड बाहेर सोडतं, त्यामागे पाणी येतं आणि श्वासनलिकांवरचा कफ पातळ राहतो. दार नसलं की कफ चिकट होतो, जंतू त्यात घर करतात आणि वर्षानुवर्षांच्या संसर्गाने फुप्फुस झिजत जातं.

सीएफटीआरचं जनुक १९८९ साली टोरंटो आणि मिशिगन इथल्या गटांनी शोधलं. प्रथिन १४८० अमिनो आम्लांचं. सर्वांत जास्त आढळणाऱ्या म्युटेशनमध्ये फक्त तीन अक्षरं गळतात आणि ५०८ व्या जागचं फेनिलअ‍ॅलनीन नाहीसं होतं. बाकी १४७९ जागा जशाच्या तशा. तेवढ्याने साखळी दुमडताना चुकते. पेशीच्या आत प्रथिनं तपासणारी यंत्रणा असते. ती हा चुकलेला माल पकडते आणि मोडीत काढते. दार पटलापर्यंत येतच नाही.

१९९२ मध्ये प्रयोगशाळेत एक आशेची गोष्ट दिसली. असं म्युटेशन असलेल्या पेशी शरीराच्या ३७ अंशांऐवजी २७ च्या सुमारास वाढवल्या, तर काही दारं पटलावर पोचली आणि त्यांतून क्लोराइड वाहू लागलं. म्हणजे दार पुरतं निकामी नव्हतं. दुमडताना कुणी हात दिला असता तर ते चाललं असतं. दुसऱ्या काही रुग्णांत ५५१ व्या जागी बदल असतो. त्यांचं दार पटलावर व्यवस्थित पोचतं, पण उघडत नाही. हे दार उघडायला मदत करणारं आयव्हाकाफ्टर २०१२ साली आलं आणि या रुग्णांना त्याचा मोठा फायदा झाला. ५०८ वाल्यांना एकट्या आयव्हाकाफ्टरचा उपयोग झाला नाही, कारण पटलावर उघडायला दारच नव्हतं. त्यांच्यासाठी साखळी नीट दुमडायला मदत करणारी दोन औषधं आणि दार उघडणारं आयव्हाकाफ्टर अशी तिघांची गोळी ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. तिथल्या सुमारे ९० टक्के रुग्णांची म्युटेशन्स या गोळीच्या टप्प्यात येतात.

किंमत वर्षाला तीन लाख डॉलरहून जास्त. भारतीय कुटुंबासाठी हा आकडा वाचून सोडून देण्याचाच आहे, आणि हे मला अन्यायाचं वाटतं. शिवाय भारतीय रुग्णांत ५०८ च्या म्युटेशनचं प्रमाण युरोपातल्यापेक्षा कमी आहे. इतर, कमी परिचित म्युटेशन्सचा वाटा मोठा. त्यामुळे आपल्याकडे मुलाचा घाम खारट निघाला तर तेवढ्यावर औषध ठरत नाही. जनुकात नेमकं काय झालंय ते वाचावं लागतं. आणि ज्यांच्या मजकुरात मध्येच पूर्णविराम पडलाय, त्यांच्या पेशीत दुमडायला किंवा उघडायला प्रथिनच नसतं. यातली कुठलीच गोळी त्यांना लागू पडत नाही. त्यांच्यासाठी सीएफटीआरचा योग्य मजकूर आरएनएच्या रूपात वाफाऱ्यासारखा श्वासावाटे फुप्फुसात पोचवण्याच्या चाचण्या सध्या सुरू आहेत.